आंबलेलं आणि नासलेलं

चुलीपाशी, शेताच्या बांधावर, शिलाई मशीनवर, जिथे असाल तिथे रेडिओचा आवाज जरा वाढवा. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी रागावतील. आज आम्ही दारूबद्दल बोलणार आहोत, पण नेहमीसारखं नाही. दारू वाईट, सोडा, एवढं सांगून आज थांबणार नाही. जपानची साके, चीनची पिवळी दारू, कोरियाची मक्कॉली, म्हणजे तांदूळ आंबवून केलेल्या पेयांचा इतिहास आज सांगायचा आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या बायकांना त्याचं काय, असं वाटेल. शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

झालं असं. गेल्या महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून एक बाटली काढली आणि सतरंजीवर ठेवली. ताईंचा मुलगा पुण्याच्या एका कारखान्यात आहे. कंपनीने त्याला शिकायला तीन महिने जपानला पाठवलं होतं. येताना साहेबांसाठी म्हणून त्याने साकेची बाटली आणली. तोवर साहेबांची बदली झाली आणि बाटली घरी राहिली. ताई म्हणाल्या, "घरात ठेवली त याचे बाबा पिऊन टाकतीन, फेकली त पोरगं नाराज होईन. आता तुम्हीच सांगा काय करू ते."

ज्या सतरंजीवर ती बाटली ठेवली, त्याच सतरंजीवर बसून दोन वर्षांपूर्वी आम्ही गावातलं दारूचं दुकान बंद करायचं ठरवलं होतं. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद होतं. इथे 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे. जी आली नाही, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखं होतं. आमच्या गावात मतदानाला आलेल्या बहुतेक जणींनी बाटली आडवीच केली. पण कुणी कामाला बाहेरगावी, कुणी लग्न होऊन सासरी, पण नावं यादीत तशीच. थोड्या मतांसाठी बाटली उभी राहिली. ते दुकान आजही उघडं आहे.

म्हणून ती जपानी बाटली मधोमध दिसताच एक जण म्हणाली, "गावातली बाटली आडवी कराले निघालो, आन् इथं मधात आपणच उभी करून ठेवली!" सगळ्या हसल्या. मग कुणीतरी म्हणालं, निदान वास तरी घेऊन पाहू. प्यायचं नाही हे आधीच ठरलं. झाकण उघडलं, बाटली हातोहात फिरली. एक म्हणाली, "हे त पेजेवाणी वासते." दुसरीला पिकल्या केळ्याचा वास आला. देशी दारूचा नाकाला झोंबणारा उग्र दर्प कुणालाच आला नाही. आमच्यातल्या सगळ्यात वयस्क आजीने दोनदा हुंगलं आणि सांगितलं, "आंबलेलं हाय, पन नासलेलं नाही."

मैत्रिणींनो, साके चाखून पारखणारी माणसं जपानमध्ये वर्षानुवर्षं शिकतात, आणि शिकतात ते हेच. काय नीट आंबलं आणि काय नासलं. आजीला ते पीठ भिजवून, दही विरजून, आंबील करून आलं होतं. मग आमच्यातल्या बी.ए.ला इतिहास घेतलेल्या दोघी-तिघींनी वाचायला सुरुवात केली. वाचलं त्यातलं तुम्हाला सांगतो.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत मोहाची झाडं आहेत. मोहाच्या फुलात मुळातच साखर असते. ती पाण्यात भिजवून ठेवली की हवेतलं आणि फुलावरचं यीस्ट त्या साखरेची दारू करतं. तांदळात अशी साखर नसते, असतो तो स्टार्च. आधी त्या स्टार्चची साखर व्हावी लागते, मगच यीस्टला खायला मिळतं. तांदळाची दारू म्हणजे दोन पायऱ्यांचं काम.

ही पहिली पायरी कशी गाठायची, हे माणसाने वेगवेगळ्या रीतीने शोधलं. सगळ्यात जुनी रीत म्हणजे भात चावून भांड्यात थुंकायचा. आपल्या लाळेतही स्टार्चची साखर करणारं द्रव्य असतं, म्हणून भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते. जपानच्या ओसुमी प्रांताच्या जुन्या वृत्तांतात असं वर्णन आहे, की गावातले बाया-पुरुष एकत्र जमून तांदूळ चावून भांड्यात टाकत, घरी जात, आणि वास सुटला की पुन्हा जमून पीत. ऐकून किळस येते खरी, पण ते सगळ्या गावाने मिळून केलेलं काम होतं.

नंतर बुरशीची रीत आली. वाफवलेल्या तांदळावर 'कोजी' नावाची बुरशी पेरतात. ती तांदळात शिरते आणि स्टार्चची साखर करते. त्याच भांड्यात यीस्ट त्या साखरेची दारू करतं. दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच भांड्यात. याच कोजीपासून जपानचा सोया सॉस आणि मिसो होतो. या बुरशीचा तिथे इतका मान आहे, की २००६ मध्ये जपानच्या मद्यनिर्मिती शास्त्राच्या संस्थेने तिला 'राष्ट्रीय बुरशी' म्हटलं. डिसेंबर २०२४ मध्ये कोजी वापरून साके करण्याची पारंपरिक विद्या युनेस्कोच्या यादीत गेली. इथे एक सूचना देतो. आपल्या घरच्या शिळ्या भाकरीवर येते ती कोजी नव्हे. बुरशी आलेलं अन्न टाकूनच द्या.

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर आता आपल्या देशात या. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं नाव तुम्ही ऐकलं असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा राज्यकारभाराचा हा ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अधिकरणात 'सुराध्यक्ष' म्हणजे दारूखात्याच्या अधिकाऱ्यावर एक पूर्ण अध्याय आहे. त्यात 'मेदक' नावाच्या दारूची कृती दिली आहे. एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवण्याचं विरजण. आणि ते किण्व कशाचं? उडदाचा लगदा, त्यात तांदूळ, आणि मोरट वगैरे वनस्पती. उडीद आणि तांदूळ, मैत्रिणींनो! आपण इडलीसाठी आदल्या रात्री भिजवतो तीच जोडी.

त्या अध्यायातल्या तीन गोष्टी आम्हाला थांबवून गेल्या. पहिली, सुरा आणि किण्वाची जमवाजमव बायका आणि मुलांनी करावी, असं तिथे लिहिलं आहे. म्हणजे आंबवणारा हात बाईचा होता. दुसरी, दारूवर राजाचा ताबा असला तरी कुटुंबाला सणकार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करायची मोकळीक होती, आणि उत्सव-जत्रेला चार दिवस सूट होती. तिसरी गोष्ट कडू आहे. बिघडलेली सुरा काय करायची? ती नोकर-मजुरांना वेतन म्हणून द्यावी, नाहीतर जनावरांना पाजावी, डुकरांना घालावी. चांगलं कुणाच्या वाट्याला आणि नासलेलं कुणाच्या वाट्याला, हे दोन हजार वर्षांपूर्वीही ठरलेलं होतं.

आता पूर्वेकडे जाऊ. चीनच्या हनान प्रांतात जियाहू नावाचं गाव आहे. तिथे सापडलेल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या तुकड्यांत तांदूळ, मध आणि फळं एकत्र आंबवल्याच्या खुणा मिळाल्या. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच देशात शाओशिंग हे शहर पिवळ्या तांबूस तांदळाच्या दारूसाठी प्रसिद्ध आहे. तिथली एक चाल अशी, की मुलगी जन्मली की दारूचे घडे भरून जमिनीत पुरायचे आणि तिच्या लग्नात उकरून पाहुण्यांना वाढायचे. तिथे गोडसर आंबवलेला भात बाळंतिणीला अंडं घालून देतात, जसे आपण डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर देतो. म्हणजे तिथेही हे भांडं आधी घरातलं, बाईच्या जन्माशी, लग्नाशी, बाळंतपणाशी जोडलेलं होतं.

जपानमध्ये साके करणाऱ्या मुख्य कारागिराला 'तोजी' म्हणतात. घरच्या कर्त्या बाईसाठी एक जुना जपानी शब्द अगदी तसाच आहे. त्यावरून हे काम आधी बायकांचंच होतं, असं काही अभ्यासक मानतात. पुढे दारूचे मोठे कारखाने झाले, पुरुष कामगारांच्या टोळ्या हिवाळ्यात तिथे राबू लागल्या, आणि बाईने साकेच्या कोठारात पाऊल ठेवायचं नाही असा नियम झाला. जिच्या नावावरून कारागिराचं नाव आलं असेल, तिलाच विटाळ! तो नियम विसाव्या शतकात सैल झाला. आज तिथे काही कारखान्यांत बायका पुन्हा तोजी आहेत.

घरचं भांडंही गेलं. जपानी शेतकरी घरात 'दोबुरोकु' नावाची दाट पांढरी दारू करत. १८९९ मध्ये सरकारने घरी दारू करायला पूर्ण बंदी घातली. कारण दारूबंदी नव्हतं, कर होता. त्या काळात सरकारच्या करउत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा दारूवरून येत असे. घरी केली तर कर कोण भरणार? कोरियावर जपानचं राज्य आलं तेव्हा तिथेही हेच झालं. कोरियात घराघराची आपापली मक्कॉली होती, सासूने सुनेला शिकवलेली. १९१६ च्या कर-कायद्याने परवान्याचे नियम कडक केले आणि १९३४ पर्यंत घरगुती परवाने संपले. स्वातंत्र्यानंतर १९६५ मध्ये धान्यटंचाईमुळे तांदळाची दारू करायलाच मनाई झाली. मक्कॉली गव्हाच्या पिठाची होऊ लागली आणि चव गेली. घरी करण्याची मोकळीक कोरियात १९९५ मध्ये परत मिळाली. दोन पिढ्यांत किती घरांच्या कृती पुसल्या गेल्या असतील, विचार करा.

आपल्याकडे वेगळं घडलं का? मुंबई इलाख्यात १८७८ चा आबकारी कायदा आला, दारू गाळणं सरकारी भट्ट्यांत आणि मक्तेदारांच्या हाती गेलं. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा झाला आणि फुलं गोळा करणं-बाळगणंही गुन्हा ठरू लागलं. वऱ्हाडातही दारूचे मक्ते लिलावाने जात. पहाटे उठून टोपलीत मोहाची फुलं वेचणारी बाई होती, आणि मक्ता घेणारा पुरुष. सातपुड्याकडच्या आमच्या एका सदस्य ताईंनी सांगितलं, की त्यांच्या घरी मोहाची फुलं वाळवून भाकरीत घालत, लाडू करत. दारू हा फुलाचा एक उपयोग होता, सगळा नव्हे. आपल्या राज्याने मोहाच्या फुलांवरचे निर्बंध २०२१ मध्ये उठवले. मधे सव्वाशेहून जास्त वर्षं गेली.

आता कुणी विचारेल, तुम्ही घरच्या दारूची आरती करता आहात का? नाही. घरच्या दारूनेही बाया मार खाल्ल्या आहेत आणि संसार बुडाले आहेत. झारखंडमध्ये तांदळाची 'हंडिया' बायकाच करतात आणि बाजारात बायकाच विकतात, तरी त्यात मान नाही आणि सुटकाही नाही. म्हणून तिथल्या सरकारने २०२० मध्ये 'फूलो झानो आशीर्वाद अभियान' सुरू केलं. हंडिया विकणाऱ्या बायकांना बचत गटांमार्फत बिनव्याजी कर्ज आणि दुसरा धंदा. दुसरीकडे आसाममधल्या दिमासा लोकांच्या 'जुदिमा' या तांदळाच्या दारूला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं विरजण एका रानझाडाची साल आणि तांदूळ कुटून बायका करतात. एकाच तांदळाचं एके ठिकाणी ओझं झालं आणि एके ठिकाणी नाव. फरक पडला तो भांडं कुणाच्या हाती आणि भाव कुणाच्या हाती, यात.

आता त्या बाटलीकडे येऊ. ताईंच्या मुलाला आम्ही फोन लावला आणि लेबल वाचून घेतलं. त्यावर पहिला आकडा होता ६०. आम्हाला वाटलं साठ टक्के दारू! तो हसला. साठ म्हणजे तांदूळ घासून घासून चाळीस टक्के भाग कोंड्यात काढला आणि साठ टक्के दाणा ठेवला. तांदळाच्या बाहेरच्या भागात प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त, त्याने चव जड होते. मधला भाग नितळ. साठ किंवा त्याहून कमी दाणा ठेवला तर तिला 'गिंजो' म्हणतात, पन्नास किंवा कमी ठेवला तर 'दाईगिंजो'. 'जुनमाई' लिहिलं असेल तर तांदूळ, कोजी आणि पाणी एवढंच. नसेल तर वरून थोडा मद्यार्क घातलेला असू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी आणि नंतर तांदूळ मिळेना, तेव्हा मद्यार्क, साखर आणि आम्लं घालून साके तिप्पट केली जायची. 'जुनमाई' हा शब्द लेबलवर मानाने लिहायची वेळ त्यातूनच आली.

पारखणारे आधी पांढऱ्या कपात ओततात. कपाच्या तळाशी निळी वर्तुळं असतात, त्यावर पेय नितळ आहे की गढूळ ते कळतं. मग वास, मग एक लहान घोट, तोही बऱ्याचदा थुंकून टाकतात. सुवासिक साके थंड देतात, भरीव चवीची कोमट करून. उघडलेली बाटली लवकर संपवावी लागते, कारण वास उडतो. आणि जोर? साकेत साधारण १५ टक्के मद्यार्क, मक्कॉलीत ६ ते ८. आपल्याकडच्या दुकानातल्या बाटल्यांवर बहुधा ४२.८ असा आकडा असतो. आपण आपल्या घरातल्या माणसाला कधी हा आकडा वाचताना पाहिलं आहे का?

हेच आम्हाला सांगायचं आहे. पारख म्हणजे नुसती जिभेची चैन नव्हे. कोणतं धान्य, कोणतं पाणी, किती जोर, कुणी केलं, कधी केलं, पैसा कुणाकडे गेला, हे विचारायची सवय म्हणजे पारख. आपल्या गावात दारूबद्दल एकच प्रश्न विचारला जातो, "केवढ्याची?" बाकी सगळे प्रश्न मक्त्याबरोबर गेले. भांडं आपल्या हातून गेलं तेव्हा आपलं उत्पन्न गेलं आणि आपली पारखही गेली. राहिलं ते फक्त पिऊन आलेल्याला सांभाळणं. म्हणून बाटली आडवी करण्याचा हक्क हा नुसता बंदीचा हक्क नाही. आपल्या गावात काय यावं आणि काय येऊ नये, हे निवडण्याचा तो हक्क आहे. नीट आंबलेलं आणि नासलेलं वेगळं करणारं नाक आपल्यापाशीच आहे.

त्या बाटलीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आपल्या राज्यात १९४९ च्या कायद्याप्रमाणे दारू प्यायलाही परवाना लागतो. त्यामुळे तो प्रश्न लवकर सुटला. मुलाने सांगितलं, पुढच्या सुट्टीत येईन आणि घेऊन जाईन. तोवर ती गटाच्या कपाटात, वहीखात्यांच्या मागे, कुलूप लावून ठेवली आहे. किल्ली अध्यक्षांकडे आहे.

महालक्ष्म्यांना आपण ज्वारीची आंबील करतो. पीठ ताकात भिजवतो, आंबू देतो, सकाळी हुंगून पाहतो आणि मगच चुलीवर ठेवतो. यंदा हुंगताना सुनेला, लेकीला जवळ बोलवा आणि विचारा, काय वास येतो? तिला ओळखायला शिकवा. आणि मतदार यादी पुन्हा निघाली, की आपलं नाव, शेजारणीचं नाव, कामाला बाहेर गेलेल्या प्रत्येकीचं नाव तपासा. जी लग्न होऊन गेली, तिचं नाव तिच्या सासरच्या गावी लावून घ्या. आम्ही आमच्या गावात हे काम सुरू केलं आहे. पुढच्या मतदानाला थोडी मतं कमी पडायला नकोत.